नारिंगी झेंड्याची बोट: १६ बाटांत बँकॉकची नदीकाठची देवळं

बँकॉकला जाणारी आपली बहुतेक मंडळी टूर कंपनीच्या बसमधून देवळं बघतात. बस राजवाड्याच्या आसपास कुठेतरी सोडते, दीड तासात परत बोलावते, आणि पुढे कुठल्यातरी दागिन्यांच्या दुकानात नेऊन बसवते. ज्यांना पायांनी आणि डोळ्यांनी शहर बघायचंय त्यांच्यासाठी हा लेख. चाओ फ्राया नदीवर धावणारी एक्स्प्रेस बोट, त्यातही नारिंगी झेंड्याची, ही बँकॉकची देवळं बघण्याची सगळ्यात चांगली सोय आहे, असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. तिच्यात उणिवाही आहेत, त्याही पुढे येतीलच.

पहिल्यांदा कारण. १७८२ साली राजा राम पहिला याने राजधानी थोनबुरीहून नदीच्या पूर्व काठावर आणली आणि राजवाडा तिथे बांधला. तेव्हा रस्ते नव्हतेच म्हटलं तरी चालेल. माणसं, भात, राजाची मिरवणूक, सगळं नदीतून आणि कालव्यांतून जायचं. त्यामुळे राजवाडा, वाट फो, वाट अरुण ('वाट' म्हणजे थाईत देऊळ), फुलबाजार, चिनी पेठ, हे सगळं आजही धक्क्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत आहे. रस्त्याने गेलात तर याच ठिकाणांमध्ये सिग्नलला अडकून निम्मी सकाळ जाते.

आता झेंडे. बोटीच्या मागच्या बाजूला झेंडा असतो, त्याच्या रंगावरून ती कुठे थांबणार ते कळतं. नारिंगी रोज धावते, शनिवार-रविवारीसुद्धा, सकाळी सहाच्या सुमारास सुरू होऊन संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत, आणि कुठूनही कुठेही सरसकट १६ बाट. एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये धरा. पिवळा आणि हिरवा-पिवळा हे नोकरदारांच्या गर्दीच्या वेळेचे, मधले बरेच धक्के सोडून जातात. पर्यटकाने त्यांच्या नादी लागू नये. निळा झेंडा म्हणजे खास पर्यटकांची बोट: जागा ऐसपैस, इंग्रजीत माहिती, थांबे मोजके. तिचं एका फेरीचं तिकीट नारिंगीपेक्षा बरंच महाग पडतं आणि दिवसभराचा पासही मिळतो.

साथोर्न धक्क्यावर (हाच 'सेंट्रल' धक्का, सफान ताकसिन या स्कायट्रेन स्टेशनच्या अगदी खाली) नवख्या माणसाची इथेच गल्लत होते. स्टेशनातून उतरलात की समोर मोठा फलक, मोठा काउंटर आणि मोठ्याने बोलावणारी माणसं दिसतात. ती सगळी निळ्या बोटीची. नारिंगीसाठी थोडं पुढे धक्क्यावर एक छोटं टेबल असतं, किंवा सरळ बोटीत चढून तिकीट काढता येतं. कुणी 'आता फक्त टुरिस्ट बोटच आहे' म्हणालं तर शांतपणे पुढे चालत जा आणि नारिंगी झेंडा दिसेपर्यंत थांबा. दहा ते वीस मिनिटांत येते.

धक्क्यांना क्रमांक आहेत आणि हे फार सोयीचं आहे, कारण थाई नावं कानाला पटकन लागत नाहीत. साथोर्न मध्यभागी, वर उत्तरेकडे एन १, एन २ असे चढत जातात, खाली दक्षिणेकडे एस. आपल्या कामाचे हे: एन ५ राचावोंग (चिनी पेठ याओवारात), एन ६ सफान फुत (फुलबाजार आणि फाहुरातची भारतीय वस्ती), एन ८ था तिअन (वाट फो, आणि पलीकडे वाट अरुण), एन ९ था चांग (राजवाडा), एन १३ फ्रा आथित (खाओ सान, स्वस्त मुक्कामाची पर्यटकांची वस्ती). साथोर्नहून एन ९ पर्यंत साधारण अर्धा तास.

चढण्या-उतरण्याकडे नीट लक्ष द्या, कारण या सेवेत चुकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे. बोट लांबुळकी, पाण्यालगत, आणि चढायची जागा मागच्या टोकाला. धक्का म्हणजे तरंगता लोखंडी तराफा, कडेला जुने टायर. मागे उभा असलेला खलाशी शिट्टी वाजवतो. त्या शिट्ट्यांवरच पुढे बसलेला चालक बोट मागेपुढे घेतो, कारण त्याला मागचं काही दिसत नाही. एक आखूड शिट्टी, एक लांब, दोन तुटक, धप्प करून टायरला धडक, दोराचा एक वेढा खांबाला, आणि लगेच उतरणारे उतरतात, चढणारे चढतात. हे सगळं मिनिटाच्या आत आटोपतं. बोट आणि धक्का यांच्यात वीतभर फट राहते आणि दोन्ही वेगवेगळे हलत असतात. खलाशी हात देतो, तो धरावा. हातात पिशव्या नकोत, चप्पल सैल नको. उतरायचा धक्का यायच्या आधीचा धक्का गेला की उठून मागे सरका. बोट थांबल्यावर उठाल तर गर्दीत अडकाल आणि पुढच्या धक्क्यावर पोहोचाल. गुडघेदुखी असलेले, काठी घेऊन चालणारे आई-वडील सोबत असतील तर निळ्या बोटीचे जास्तीचे पैसे बिनदिक्कत द्या. चाकाच्या खुर्चीसाठी नारिंगी बोट मुळीच नाही.

मागच्या मोकळ्या जागेत भिक्षूंसाठी राखीव भाग असतो, तशी पाटीही असते. भगव्या वस्त्रातला भिक्षू उभा असेल तर बायकांनी त्याला खेटून उभं राहू नये, वस्तू हातात देऊ नये. थेरवादी भिक्षूंचा हा नियम आहे आणि थाई बायका तो सहजपणे पाळतात; आपणही पाळावा.

तिकीटवाली बाई हातात पत्र्याची लांब नळी घेऊन येते. नळीचं झाकण ती सतत उघडमीट करते, त्याचा खडखड आवाज ऐकला की समजायचं, पैसे काढा. त्या नळीतच तिकिटांचा रोल आणि सुटी नाणी. २० ची नोट द्यावी. १००० ची नोट पुढे केलीत तर तिचा चेहरा बघण्यासारखा होत नाही. पाचशे-हजाराच्या नोटा स्टेशनजवळच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन आधीच मोडून ठेवा.

बसायला जागा मिळाली तर सकाळी उत्तरेकडे जाताना डाव्या बाजूला बसावं. ऊन उजवीकडून येतं, आणि वाट अरुण डावीकडेच लागतं. दुपारनंतर परत येतानाही डावी बाजूच सावलीची. अगदी कडेच्या जागेवर दुसऱ्या बोटीच्या लाटेचं पाणी अंगावर येतं. कॅमेरा असेल तर एक खुर्ची आत सरका.

दिवसाची आखणी राजवाड्यापासून करावी, कारण तो साडेआठला उघडतो आणि तिकीटविक्री साडेतीनला बंद होते. पावणेआठच्या सुमाराची बोट धरा. आठ वाजता स्टेशनात असाल तर राष्ट्रगीत वाजतं आणि धावणारी गर्दी जागच्या जागी थांबते. संध्याकाळी सहालाही तेच. तुम्हीही थांबा.

था चांगला उतरून बाजारातून बाहेर आलात की राजवाड्याची पांढरी भिंत समोरच. इथेच तो सुप्रसिद्ध गंडा घालणारा भेटतो. नीटनेटके कपडे, गोड इंग्रजी, कधीकधी गळ्यात ओळखपत्रही. 'आज राजवाडा बंद आहे, धार्मिक कार्यक्रम आहे, एक वाजता उघडेल, तोवर हा टुकटुकवाला २० बाटांत तुम्हाला लकी बुद्ध दाखवेल.' टुकटुक शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात जाते, आणि त्या दुकानाच्या कमिशनवरच ती २० बाटांची फेरी परवडते. राजवाडा बंद आहे की उघडा हे फक्त फाटकावर विचारावं. तिथे तर ध्वनिक्षेपकावरून याच फसवणुकीची सूचना देत असतात.

तिकीट ५०० बाट. महाग आहे, पण माझ्या मते एकदा द्यावेच. कपड्यांचा नियम कडक: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, फाटकी जीन्स, तंग लेगिंग, बिनबाह्यांचं काही चालत नाही. ओढणी खांद्यावर टाकून भागत नाही, फाटकावरून परत पाठवतात आणि मग समोरच्या दुकानातून हत्तीची नक्षी असलेली पँट विकत घ्यावी लागते. सलवार-कमीज किंवा साधा कुर्ता-पँट घातली की प्रश्नच मिटतो.

आतल्या वाट फ्रा केवमध्ये पाचूच्या बुद्धाची मूर्ती आहे. नाव पाचूचं असलं तरी दगड हिरवा जेडसारखा. उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर, आणि ती उंच सिंहासनावर असल्यामुळे लहानच दिसते. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी असे तिचे तीन सोन्याचे पोशाख आहेत; ऋतू बदलला की ते बदलण्याचा मान राजाचा. आत फोटो काढता येत नाही. जमिनीवर पाय मागे मुडपून बसा, तळपाय मूर्तीकडे होता कामा नये.

लोक इथून दर्शन घेऊन निघतात आणि खरा खजिना सोडून जातात. देवळाच्या चहूबाजूंच्या ओवरीत रामकियेनची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ चित्रं भिंतभर रंगवलेली आहेत. सुरुवात उत्तरेच्या बाजूला, जनकाला सीता सापडते तिथून. मग घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालत जायचं. मराठी माणसाला कथा पाठ असते, त्यामुळे चित्रं वाचता येतात आणि जिथे थाई कथा वेगळी वळते तिथे पाय थबकतो. हनुमान इथे पांढराशुभ्र आणि चक्क रसिक: सेतूचे दगड चोरणाऱ्या सुवर्णमत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो, तिच्यापासून त्याला मुलगाही होतो. दशमुख रावण म्हणजे तोत्साकान हिरव्या अंगाचा. सोन्याच्या वर्खाच्या मुकुटांवर नजर जातेच, पण चित्रांच्या खालच्या कडेला बघा: लंकेतले राक्षस जेवतायत, झोपलेत, कुणी पळ काढतोय, बायका भांडतायत. चित्रकारांनी आपल्या काळचा बाजार तिथे भरला आहे. या ओवरीला निदान एक तास ठेवा. फाटकांवर उभे असलेले राक्षस सहा जोड्यांत, बारा आहेत, आणि तोत्साकानही त्यांच्यातच पहारा देतो.

बाहेर पडलात की समोर शिल्पाकोर्न विद्यापीठ, कलांचं. त्याच्या बोधचिन्हावर गणपती आहे. थाई लोक त्याला फ्रा फिकनेत म्हणतात आणि कलावंत, विद्यार्थी, नट यांचा तो आवडता देव. त्याच्यासमोर लाल सरबताची बाटली आणि उसाची कांडी ठेवलेली दिसली तर नवल वाटून घेऊ नका.

राजवाड्याच्या भिंतीला धरून दक्षिणेकडे दहा-बारा मिनिटं चाललात की वाट फो. तिकीट ३०० बाट (२०२४ च्या सुरुवातीला २०० चं झालं ३००). निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच, आणि त्याच्याभोवतीची इमारत त्याला जेमतेम पुरेल इतकीच. त्यामुळे संपूर्ण मूर्ती एका फोटोत मावत नाही, आणि सगळे डोक्याकडे गर्दी करून मागे-पुढे होत राहतात. तुम्ही पायाकडे जा. तळव्यांवर काळ्या पृष्ठभागात शिंपल्यांच्या जडावकामाने १०८ मंगल चिन्हं कोरलेली आहेत. मधोमध चक्र, भोवती चौकटीत हत्ती, कमळ, पूर्णकुंभ. बांगडीचा चुरा असावा तशी ती शिंपली तिरक्या उजेडात गुलाबी-हिरवी होते. पाठीमागच्या बाजूला १०८ कांस्यपात्रं ओळीने ठेवली आहेत. २० बाटांना सुट्या नाण्यांची वाटी घेऊन एकेक नाणं टाकत जायचं. सबंध दालनभर त्याचा टणटण नाद चालू असतो. चपला पिशवीत घालून बरोबर नेतात. शिरायचं आणि निघायचं दार वेगळं आहे, म्हणून बाहेर काढून ठेवल्या तर हेलपाटा.

वाट फोच्या बागेत लहान टेकड्यांवर ऋषींच्या मूर्ती आहेत, हातपाय ताणून बसलेल्या. ही पाठ, मान, सांधे मोकळे करायची आसनं. थाई मसाजची परंपरा बुद्धाचे वैद्य जीवक यांना आद्यगुरू मानते, आणि त्या शास्त्राची शाळा याच आवारात १९५५ पासून चालते. २०१९ मध्ये युनेस्कोने थाई मसाजला वारसा म्हणून मान्यता दिली. आवारातल्या मंडपात मसाज करून मिळतो, शहरातल्या साध्या दुकानापेक्षा दर चढा असतो. दुपारी रांग लागते, सकाळी बाराच्या आत जावं. दाब जोरदार असतो; कंबरेचं किंवा मानेचं दुखणं असेल तर आधीच दाखवून सांगा.

वाट अरुण समोरच्या काठावर. था तिअनच्या धक्क्यावर एक्स्प्रेस बोटीचा आणि पलीकडे नेणाऱ्या नावेचा भाग वेगळा आहे. नावेला फक्त ५ बाट. धक्क्यावर खासगी लांबशेपटी बोटवाले 'वाट अरुण, वाट अरुण' ओरडत हजारो बाटांची फेरी गळ्यात मारायला बघतात. त्यांच्या बाजूने सरळ फिरत्या फाटकाकडे जा. मंदिराचं तिकीट २०० बाट. मधला उंच प्रांग, म्हणजे मनोरा, मेरू पर्वताचं रूप आहे आणि तो चिनी मातीच्या भांड्यांच्या फुटक्या तुकड्यांनी आणि शिंपल्यांनी मढवलेला आहे. नदीच्या पलीकडून तो एकसंध करडा दिसतो. हाताच्या अंतरावर गेलात की बशीच्या कडेची निळी वेलबुट्टी, वाडग्याचा गोल तळ, पाकळीसारखे कापलेले तुकडे ओळखू येतात. पायऱ्या अतिशय उभ्या. वरचा टप्पा बंद असतो, खालच्या टप्प्यापर्यंतच जाता येतं. उतरताना तोंड भिंतीकडे करून उतरणं सुरक्षित. सध्या इथे भाड्याने थाई पोशाख घेऊन फोटो काढणाऱ्यांची अफाट गर्दी असते, दुपारी तर एका पायरीवर पाच छायाचित्रकार. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर ती कमी होते. सूर्य मंदिराच्या मागे मावळतो, म्हणून संध्याकाळचं दृश्य था तिअनच्या काठावरून बघावं.

देवळांइतकंच मोलाचं एन ६ चं उतरणं. सफान फुतहून चालत पाच मिनिटांवर पाक ख्लोंग तलात, शहराचा घाऊक फुलबाजार. चोवीस तास चालतो, खरा जोर रात्री आणि पहाटे. झेंडूचे ढीग बघून दादरची आठवण होईल, पण इथलं हातकाम निराळं आहे. मोगऱ्याच्या कळ्या बर्फाच्या पिशवीत ठेवलेल्या. बाई लांब सुईवर कळ्या एकसारख्या गोल ओवते, खाली गुलाबाची पाकळी, मग लोंबता तुरा, आणि मनगटाएवढा हार दोन-तीन मिनिटांत तयार. शेजारी कमळाच्या कळ्या: बाहेरची प्रत्येक पाकळी आत मुडपून त्रिकोणी घडी घालतात, की कळी न उमलताच फुललेली दिसते. २०-३० बाटांत हार मिळतो. पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमीच्या आसपास थाई बौद्धांचा उपोसथाचा (व्रताचा) दिवस असतो, तेव्हा भाव चढतात. हार घेतलात तर वास घेऊ नका. देवाला वाहायचं फूल आधी हुंगायचं नाही, हे तिथेही आहे.

तिथूनच फाहुरात जवळ. सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा लांबूनच दिसतो. सकाळच्या वेळी लंगर असतो, डोकं झाकून कुणीही जावं. शाकाहारी माणसाची बँकॉकमध्ये खरी कुचंबणा जेवणाची, कारण भाजी दिसली तरी फोडणीत मासा असतो. माशाचा अर्क 'नाम प्ला', कोळंबीची पेस्ट 'कापी', कालवांचा सॉस 'नाम मान होय', यांतलं काही ना काही जवळपास सगळ्या पदार्थांत पडतं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं की विक्रेती मांसाचे तुकडे बाजूला काढून देते, सॉस तसाच. त्याऐवजी 'जे' हा शब्द वापरा आणि पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांतलं ते चिन्ह शोधा: चिनी बौद्धांचा कडक शाकाहार, अंडं-दूध नाही, कांदा-लसूणही नाही. एन ५ च्या चिनी पेठेत अशी दुकानं सापडतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांच्या जे उत्सवात तर सगळी पेठ पिवळ्या झेंड्यांनी भरते. कंद मात्र जे जेवणात चालतात, जैन मंडळींनी ते ध्यानात ठेवावं. पपईचं सोम तम मागताना 'माय साय नाम प्ला' म्हणा, आणि सुकी कोळंबीही नको म्हणून बोटाने दाखवा. निर्धास्त खायचं तर फळांच्या गाड्या, आणि नारळाच्या दुधातला चिकट भात व आंबा.

गाडीवाला पेरू चिरून देतो तेव्हा सोबत तिखट-मीठ-साखरेची पुडी देतो. ती टाकून देऊ नका.

बोटीने न होणाऱ्या गोष्टीही सांगून ठेवतो. इरावन चौकातलं चतुर्मुख ब्रह्माचं देऊळ, १९५६ सालचं, चारी तोंडांना हार-उदबत्ती वाहणाऱ्या ऑफिसमधल्या माणसांनी दिवसभर गजबजलेलं, त्यासाठी स्कायट्रेनने चिट लोमला उतरावं. राजब्राह्मणांचं देवस्थान आणि लाल लाकडाचा उंच झोका सॅम योट मेट्रो स्टेशनपासून चालत. बुद्धाची जुनी किंवा मोठी मूर्ती विकत घेऊन नेणार असाल तर थायलंडबाहेर काढायला ललित कला खात्याचा परवाना लागतो; दुकानदार हे सांगेलच असं नाही.

गैरसोयी आणखी दोन. शनिवार-रविवारी दुपारी नारिंगी बोट इतकी भरते की उभं राहायलाही मुश्किल होतं, आणि एखादी बोट धक्क्यावर कुणालाही न घेता निघून जाते. दुसरी वेळेची: संध्याकाळी सूर्यास्त बघत था तिअनला रेंगाळलात तर शेवटची नारिंगी चुकते. तेव्हा टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करत बसू नका, वाट फोपासून पाच-सात मिनिटांवर सनाम चाय हे मेट्रो स्टेशन आहे, ते रात्री उशिरापर्यंत चालू असतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नदी फुगते. पाणी तराफ्याच्या वर चढलं की काही धक्के तात्पुरते बंद करतात, जलपर्णीचे मोठे मोठे गठ्ठे वाहत येतात आणि बोट हळू चालते. त्या दिवसांत निघण्याआधी साथोर्नच्या टेबलावर 'एन ८, एन ९ चालू?' एवढं विचारून घ्या, आणि बंद असेल तर सरळ मेट्रोने सनाम चाय गाठा.